भागीरथाबाईची रजई

शिवम, त्या शेकोटीत जराशी पऱ्हाटी टाक. अन् तो मोबाईल खिशात ठेव. हरभऱ्याच्या जागलीले आणलं तुमाले, तोंडावर उजेड पाडून बसाले नाही. तिकडून डुकरं येऊन अर्धं वावर उकरून जातील अन् तुमी आपले काचेवर बोटं घासत राहाल.

हां, सरकून बसा. गोष्ट पाहिजे ना? सांगतो. पण मधातच कोणी "काका, खरंच का?" म्हटलं तर मी तोंडावर गमचा घेऊन निजून जाईन, मंग डुकरं तुमची तुमी पाहा. हे माह्या आफिसातल्या माणसावर बेतलेलं आहे. त्यानं मले सांगितलं तेव्हा समोरच्या चहावर साय धरली, पण दोघांपैकी कोणालेच तो गिलास तोंडाले लावावासा वाटला नाही.

धर्मेंद्र त्याचं नाव. अमरावतीले विजेच्या आफिसात टेबलावर काम करते. माणूस लाखातला, पण सफाईचं भारी खूळ. टपरीवर चहा प्याले जाये तर आपला स्टीलचा गिलास संग नेई. दुसऱ्याचा पेन हातात घेतला की साबणानं हात धुये. कोणी शिंकलं की हा खुर्ची उचलून खिडकीपाशी. आमी त्याले फिनाईलच म्हणत होतो. "आला रे फिनाईल" म्हटलं की बिचारा हासे, पण गिलास काही सोडे ना.

त्याले एकच पोरगी, आचल. सातवीतली. अंगानं बापासारखी काडी, अन् बोलाले मायसारखी फटकळ. दिवाळीत तिले गिअरची सायकल घेतली तवापासून तिनं एकच धोशा लावला, बाबा, सायकलनं कुठंतरी मुक्कामी जाऊ. धर्मेंद्रले शुगर निघालेली, डॉक्टरच्या सांगण्यावरून तो रोज पहाटे सायकल चालवेच. पोरगीही संग जाऊन चांगली तयार झाली होती. मंग ठरलं. मागच्या थंडीतला, संक्रांतीच्या आधीचा शनिवार. वरूडले त्याची बहीण पौर्णिमा राहाते, तिले तिळगूळ पोचवाचा होता. पोरीले एका दमात तेवढं झेपणार नाही म्हणून मोर्शीच्या पुढं एका संत्र्याच्या बागेत रातचा मुक्काम. रविवारी आत्याकडं जेवण, अन् येतानी सायकली एखाद्या गाडीवर टाकून परत.

निघतानी बायकोनं, गीतांजलीनं, त्याच्या कॅरिअरले एक जाड ब्लँकेट बांधून देलं. यानं ते सोडून ठेवलं.

"ओझं होते. तिथं सगळं मिळते, मी फोनवर इचारलं."

"लोकाईचं पांघरूण तुमाले चालते?" ती म्हणे.

"नवीन आहे म्हणतात."

गीतांजलीनं मंग पोरीची कानटोपी खाली ओढली, स्वेटरची चेन गळ्यापर्यंत लावली अन् नवऱ्याले म्हटलं, "जशी नेऊन राहिले तशीच आणून द्या मले. बाकी तुमचं ते सायकल-बियकल चालू द्या."

आता पाहा माणसाची अक्कल. आपला गिलास घेतला. आपला चमचा घेतला. साबण घेतला. अन् पांघरूण घरी ठेवलं!

दिवस मात्र मस्त गेला त्याईचा. नांदगाव पेठ मागं टाकलं तवा धुकं एवढं होतं की पुढच्या सायकलचा लाल दिवाच तेवढा दिसे. पोरीच्या भुवयांवर दव बसलं. बोटं अशी गारठली की ब्रेक दाबता येई ना, तर एका ठेल्यावर थांबून चुलीवर हात शेकले, आलूबोंडे खाल्ले. ऊन निघालं तसे दोघंही गाणे म्हणत चालले. मधामधात आचल तोंडात जीभ फिरवे. तिची एक शेवटची दुधाची दाढ हालून राहिली होती.

"बाबा, पाहा ना, कशी डुलते."

"जिभेनं ढकलू नको. आपोआप पडंन."

मोर्शी गेल्यावर सडकेच्या कडेनं सडक्या संत्र्याचे ढीग लागले. बागेतली गळलेली फळं लोकं तिथंच आणून टाकतात. वरतून पांढरी बुरशी, खालून काळं पाणी, अन् माशा अशा की ढीग हालून राहिला वाटे. धर्मेंद्रनं रुमाल बांधला तोंडाले. पोरगी म्हणे, बाबा, श्वास रोखून पायडल मारू. दोघांनीही श्वास रोखून मारले पायडल, अन् पुढं जाऊन फुटेस्तोवर हासले.

दिवस बुडता बुडता बागेत पोचले. मालकाचं नाव नत्थुजी. गालात खर्रा दाबलेला, बोलतानी वरतं पाहून बोले, म्हणजे थुंकी सांडू नये. दोन खोल्या बांधलेल्या, चकचक टाईल, दारावर झालर. दुसऱ्या खोलीत नागपूरचं एक कुटुंब उतरलेलं. नत्थुजीनं चहा आणला तर दोन गिलासात दोन बोटं बुडवून आणला. धर्मेंद्रनं तो खिडकीतून गुपचूप ओतून देला अन् पोरीले पाणी पाजलं, आपल्या गिलासातलं.

पण खाटेवरची रजई पाहून त्याचं मन भरलं. जाडजूड, गुबगुबीत. खोळ कोरी करकरीत, तिच्यावर लाल फुलं. नाकाले लावून पाह्यली तर कपड्याच्या पावडरचा वास. दुसरी निळ्या फुलाची, ती त्याच्या खाटेवर.

नत्थुजीची बायको जमुना जेवण घेऊन आली. भाकरी, वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा. ताट ठेवतानी तिची नजर आचलच्या खाटेवर गेली अन् हातातला भरताचा गंज तसाच राहिला.

"पोरीले ती लाल फुलाची कावून देली?" तिनं नवऱ्याले हळूच इचारलं.

"मंग काय उघडी निजवू तिले? बाकीच्या त्या नागपूरवाल्याईले गेल्या."

"म्या काय म्हटलं होतं तुमाले?"

"तू ताट ठेव अन् चाल."

धर्मेंद्रनं ऐकलं सगळं. त्याले वाटलं, महागाची चांगली रजई पाहुण्याले देली म्हणून बाई कुरकुर करून राहिली. थोडासा खूषही झाला.

जेवून दोघं आडवे झाले. थंडी काय मजाक होती काय! टिनावर दव पडून टपटप आवाज येऊन राहिला होता. आचल डोक्यावरून रजई घेऊन पडल्या पडल्या निजली. धर्मेंद्रले डोळा लागतच होता, तर त्याले वास आला.

आधी थोडा. पावडरच्या वासाखालून. मंग जरा जास्त.

पांघरूण गार असलं की वासही गारठून बसते, माहीत आहे ना? अंगाची ऊब लागली की तो सुटते. तसा तो सुटला. पोरीच्या अंगानं रजई तापली अन् तिच्यातून ओल्या फडक्याचा वास निघाला. मुताचा. वाळलेल्या बेडक्याचा. अन् त्या सगळ्यावर, दिवसेंदिवस चूळ न भरलेल्या म्हाताऱ्या तोंडाचा वास. थू!

उठला तो. लाईट लावला. पोरगी गाढ निजलेली. त्यानं रजई चाचपून पाह्यली. मधात मऊ, पण पायथ्याच्या कोपऱ्यात काहीतरी टणक लागलं. लिंबाएवढी गाठ. सायकलच्या चावीनं त्यानं खोळीची शिवण उसवली.

आत दुसरी रजई होती. जुनी. पिवळी पडलेली, जागोजागी कडक झालेली, पापडासारखी. कोपऱ्याले एक भोक होतं अन् त्यात बोळा खुपसून ठेवलेला. त्यानं दोन बोटानं ओढला. चावलेली सुपारी होती ती, चोथा झालेली, वाळलेली. अन् तिच्याभोवती पांढरे केस गुंडाळलेले.

धर्मेंद्र, जो दुसऱ्याचा पेन धरत नाही तो धर्मेंद्र, हातात ते घेऊन उभा होता.

पळतच बाहेर गेला. तो बोळा जेवढ्या जोरात फेकता येईल तेवढ्या जोरात संत्र्याच्या झाडांमंधी फेकला. नळाखाली हात धरला. पाणी असं गार की हाड दुखे, तरी साबण लावून लावून धुतच राहिला. भरीत-भाकरी सगळी तिथंच ओकला. मंग आत येऊन त्यानं ती लाल रजई पायानं लोटत लोटत कोपऱ्यात नेली अन् आपली निळी नाक लावून तपासून पोरीवर घातली. स्वतः जाकीट, टोपी, हातमोजे चढवून भिंतीले टेकून बसला. ठरवलं, सकाळ होईस्तोवर डोळे मिटाचे नाही. लाईट चालूच ठेवला.

पण दिवसभर सायकल मारलेला माणूस. लागला डोळा.

जाग आली तवा अंधार होता. लाईट गेलेला. टिनावरची टपटपही बंद झालेली. खोलीत एकच आवाज.

कुट्... कुट्... कुट्...

त्याले आधी वाटलं उंदीर आहे. उंदीर सुपारी नाहीतर संत्र्याची बी कुरतडत असंन. पण आवाज खाटेवरून येऊन राहिला होता. अन् उंदीर असा सावकाश खात नाही.

डोळे अंधाराले सरावले. दाराच्या फटीतून चांदण्याची एक पट्टी खाटेवर पडली होती. त्या पट्टीत लाल फुलं दिसली.

लाल.

कोपऱ्यात लोटलेली रजई पोरीच्या अंगावर होती. चारही बाजूनं खोसून. माय लेकराले खोसते तशी.

अन् आचल... चावून राहिली होती. डोळे मिटलेले. गाल फुगलेला. जबडा हालून राहिला होता, सावकाश, खालीवर.

कुट्... कुट्...

"आचल..." त्यानं हळूच हाक मारली.

पोरगी थांबली. तोंडात बोटं घातली. चावलेलं काढलं. अन् डोळे न उघडता हात लांब केला... खाटेच्या पलीकडं... अंधारात.

हात वापस आला तवा रिकामा होता.

मंग पलीकडून आवाज आला. चावण्याचा नाही. चघळण्याचा. मऊ. ओला. दात नसलेल्या तोंडाचा.

चप्... चप्... चप्...

धर्मेंद्रले हलता येई ना. वास असा भरला होता खोलीत की श्वास घ्यावा तर तो जिभेवर बसे. चघळणं थांबलं. आवाज आला, बाईमाणसाचा, लाडाचा.

"बारीक चाव वं माय... मले दात नाईत..."

पोरीनं पुन्हा हात लांब केला. काहीतरी घेतलं. पुन्हा तोंडात...

त्यानं खिशातून मोबाईल काढला अन् बॅटरी लावली. कसा काढला, त्याले अजून सांगता येत नाही.

खाटेच्या पलीकडं कोणी नव्हतं. भिंत होती. पण पोरीची बोटं ओली होती, अन् त्या बोटापासून लाळेची एक तार निघाली होती. खाली लोंबत नव्हती ती. आडवी होती. ताणलेली. तिचं दुसरं टोक... हवेत होतं. मधातच. कशालेच नाही.

मंग ती तार तुटली.

धर्मेंद्र असा बोंबलला की नागपूरवाले उठले. पोरीले रजईतून ओढून, खांद्यावर टाकून तो अंगणात पळाला. तिचं तोंड उघडून बोट घातलं, जे होतं ते खरडून काढलं. सुपारीचा चोथा. जो त्यानं आपल्या हातानं झाडांमंधी फेकला होता, पांढऱ्या केसांसकट तोच.

नत्थुजी बॅटरी घेऊन आला. पहिले तर मानेच ना. "पोरगी झोपेत चावत असंन, जंत असतील," म्हणे. तवा जमुना पुढं आली.

"मी सांगते भाऊ. तुमच्या लेकराचा सवाल हाये."

आपल्याकडं काय करतात, तुमाले माहीत आहे. माणूस गेलं की त्याचं हाथरूण-पांघरूण घरात ठेवत नाहीत. मसणाच्या वाटेवर, नाल्याच्या काठी फेकून देतात. कोणी त्याले पाय लावत नाही, ढोरंही हुंगून पुढं जातात. तर हा नत्थुजी दिवस उगवाच्या आत जाऊन ते सगळं उचलून आणे! गाद्या, रजया, उशा. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घे, नवी खोळ चढवे, पावडर शिंपडे, अन् शहरातल्या पाहुण्याईच्या अंगावर घाले. एवढी मोठी बाग असलेला माणूस! अरे, वऱ्हाडात राहून, दारात कापूस पिकत असतानी, कापसासाठी मसणात जावं लागते का रे? थू त्याच्या जिंदगानीवर!

ही लाल फुलाची तर पिंजलीही नव्हती. पाहुण्याईची गर्दी होती म्हणून वरतून खोळ शिवून टाकली.

"गावातल्या भागीरथाबाईची हाये ते," जमुना म्हणे. "पावसाळाभर त्याच रजईत पडून होती म्हातारी. सगळं त्यातच. दात एक नाई, पण सुपारीचा जीव. नातीकडून चावून घे अन् तिच्या तोंडातली आपल्या तोंडात टाके. नातीले किळस ये, पण बिचारी चावून दे. मंग नात लग्न होऊन गेली. तवापासून म्हातारी येणाऱ्या-जाणाऱ्या लेकराईले बोलावे, ये वं माय, चावून दे वं माय. कोणी जाये ना. तशीच गेली."

"कापूस तो कापूस," नत्थुजी मान खाली घालून पुटपुटला. "कापसाले काय होते?"

धर्मेंद्रनं त्याले मारलं नाही. मी असतो तर ते खर्ऱ्यानं भरलेलं थोबाड त्याच रजईत दाबलं असतं. धर्मेंद्र म्हणे, भाऊ, हात लावाची किळस आली मले त्याची. अंगणात शेकोटी पेटवली, ती रजई तिच्यात टाकली अन् पोरीले मांडीवर घेऊन उजाडेस्तोवर बसला. जळतानी त्या धुराचा जो वास आला तो मी तुमाले सांगणार नाही, तुमाले सकाळी घरी जाऊन जेवाचं आहे.

आचल सकाळी उठली ती टवटवीत. तिले काहीच आठवत नव्हतं. फक्त म्हणे, "बाबा, तोंड तुरट तुरट लागून राहिलं." त्यानं तिच्याकडून चुळा भरून घेतल्या, अर्धी बादली पाणी संपवलं. दाढ अजून डुलतच होती. बहिणीले फोन केला, पोरीले बरं नाही, येत नाही. छोट्या मालवाहू गाडीत सायकली टाकून दुपारच्या आत अमरावतीत.

गीतांजलीनं पोरीले वरतून खालून पाह्यलं. हात पाह्यले, कपाळ पाह्यलं. धर्मेंद्र म्हणे, "घे, जशी नेली तशी आणली." बाकी काही सांगितलं नाही. कोणत्या तोंडानं सांगावं?

पण त्यानं घरातलं सगळं पांघरूण काढून टाकलं. सरकी काढलेला नवा कोरा कापूस आणला, पिंजाऱ्याले घरी बोलावून डोळ्यासमोर पिंजून घेतला, कापड गीतांजलीनं दुकानातून आणलं अन् रजई तिनं घरी बसून स्वतःच्या हातानं शिवली. बारीक टाके. त्यात आचल निजू लागली. धर्मेंद्र रातभर तिच्या खोलीत खुर्ची टाकून बसे. आठ-पंधरा दिवस काहीच नाही. मंग खुर्ची सोडून तिथंच आडवा होऊ लागला. मंग आपल्या खोलीत निजू लागला. पुन्हा हासाले लागला आमच्या संग. आमी म्हटलं, चला, फिनाईल सुटला.

शिवरात्रीच्या आसपासची गोष्ट. थंडी सरत आली होती. सकाळी पोरगी दूध पिऊन राहिली होती, धर्मेंद्र दाढी करून राहिला होता. गीतांजली पोरीची रजई घडी करत होती. तिचा हात कोपऱ्याशी थांबला.

"अहो, हे काय टणक लागून राहिलं?"

साबणाच्या तोंडानंच तो धावला. कोपरा पाह्यला. शिवण साबूत होती. गीतांजलीचेच बारीक टाके, एकही उसवलेला नाही. तिनं कैची आणली. कापलं.

नव्या पांढऱ्या कापसात बोळा होता. सुपारीचा. बारीक चावलेला, खूप बारीक. वाळलेला नव्हता. ओला होता... अन् ऊन होता. आत्ताच कोणाच्या तरी तोंडातून काढावा तसा.

त्या घरात कोणी सुपारी खात नाही.

गीतांजलीनं तो कैचीच्या टोकानं फोडला. आत काहीतरी पांढरं होतं. तिनं ते ओळखलं, मायच ती. हातातली कैची खाली पडली.

"आचल," ती म्हणे, "इकडं ये. आ कर."

पोरीनं दुधाचा गिलास ठेवला अन् आ केला. मागं, जिथं ती दाढ डुलत होती, तिथं खड्डा होता. त्यातून रक्त अजूनही येऊन राहिलं होतं.

"कवा पडली?" धर्मेंद्रनं इचारलं.

"काय पडली, बाबा?" आचल म्हणे.